सर्टिफिकेट वाचणार कोण?

1906 साली इंग्रजांनी खानदेशाचे दोन तुकडे केले, पूर्व आणि पश्चिम. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. कोणाकडे काय आधी आलं, याचा हिशोब या दोन गावांत अजून मिटलेला नाही. सरकारी मेडिकल कॉलेज धुळ्यात आधी आलं, जळगावला त्यासाठी 2018 साल उजाडावं लागलं. विद्यापीठ मात्र 1990 मध्ये जळगावने नेलं. हा हिशोब आमच्या घरात जेवताना होतो. माझी बायको जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलात इनचार्ज सिस्टर आहे आणि धाकटा भाऊ धुळ्याच्या एका हॉस्पिटलात योजनेचं टेबल सांभाळतो. ‘योजना’ म्हणजे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. हॉस्पिटलच्या माणसांना पूर्ण नाव घ्यायला सवड नसते.

सध्याचा वाद हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनच्या सर्टिफिकेटचा आहे. बायको जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका झालेली. नंतर नोकरी करता करता तिने पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग केलं, म्हणजे आता ती पदवीधर, आणि पदवीनंतरचे कोर्स तिला खुले झाले. मोबाइलवर रोज एक तरी जाहिरात येते: आरोग्य व्यवस्थापनात ग्रॅज्युएट सर्टिफिकेट, घरबसल्या, सुलभ हप्त्यांत. तिचं मन तिकडे ओढतंय. धाकट्याला ते पैसे पाण्यात टाकणं वाटतं. भरिताचा मोसम होता, तो रविवारी आला होता, आणि कळण्याची भाकरी ताटात पडायच्या आत सुरू झालं. दोघांची नावं कशाला लिहू? गावांच्या नावानेच लिहितो.

जळगाव: भाऊ, तुम्ही काहीही म्हणा, मी फॉर्म भरणार. ड्युटी लिस्ट मी लावते. औषधांचा इंडेंट मी काढते. कोणता कचरा पिवळ्यात, कोणता लाल, निळ्या, पांढऱ्यात, यावरून मामा-मावश्यांशी वाद मी घालते. फायर ऑडिटवाला आला की सर हाक मलाच मारतात. आणि मॅनेजर म्हणून खुर्चीत बसतात सरांचे मेहुणे.

धुळे: मग तुमचं सर्टिफिकेट बघून मेहुणे उठतील?

जळगाव: नाही उठणार. पण दुसरीकडे खुर्ची रिकामी असेल तर मला विचारतील तरी.

धुळे: कुठे आहे रिकामी? वहिनी, आपल्याकडचं हॉस्पिटल कसं असतं ते तुम्ही मला सांगणार का? खाली ओपीडी, मधे वॉर्ड, वर डॉक्टरांचं घर. काउंटरवर मॅडम, स्टोअरला पुतण्या. शिरपूर घ्या, पाचोरा घ्या, चोपडा घ्या. ॲडमिनिस्ट्रेटर नावाचं पदच तिथे नाही. जे पद नाही त्याची पात्रता मिळवून काय फ्रेम करून लावायची?

जळगाव: सरकारीत आहे की.

धुळे: राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिराती मी इतकी वर्षं वाचतोय. जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापकासारखं पद असलं की ओळ ठरलेली: वैद्यकीय पदवीधर, सोबत एमपीएच, एमएचए किंवा एमबीए हेल्थ. सर्टिफिकेट हा शब्द मला दाखवा, मी स्वतः तुमची फी भरतो.

इथे धाकट्याचं म्हणणं खरं आहे, आणि ते नीट समजून घ्यायला हवं, कारण जाहिराती ते सांगत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोग आपल्या कायद्याच्या 22व्या कलमाखाली ज्यांची यादी करतो, त्या पदव्या. सर्टिफिकेट त्या यादीत बसत नाही. ते देणारी संस्था कितीही मोठी असली तरी तो तिचा स्वतःचा शब्द असतो. अमेरिकेत ग्रॅज्युएट सर्टिफिकेट म्हणजे साधारण चार-पाच विषय. पुढे त्याच विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश घेतला तर ते क्रेडिट बहुतेकदा धरले जातात. तिकडे तो जिन्याचा पायथा असतो. जिना पुढे चढायचाच नसेल तर नुसत्या पायथ्यावर उभं राहून वरचा मजला दिसत नाही.

आपल्याकडे पूर्ण जिना चढायचा म्हटला तर टाटा समाजविज्ञान संस्थेत हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स आहे. दोन वर्षं, पूर्णवेळ, मुंबईत. घर, दोन मुलं आणि रात्रपाळी सोडून जळगावची बाई तिथे कशी जाणार, हा प्रश्न जाहिरातीला पडत नाही, मला पडतो. मधला मार्ग म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची हॉस्पिटल आणि आरोग्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका. दूरशिक्षणाबद्दल मात्र आता डोळे उघडे ठेवावे लागतात. 2021 मध्ये सहयोगी आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा झाला. त्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन चालवता येणार नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये जाहीर केलं. प्रशासनाचा कुठला कोर्स त्या कुंपणाच्या आत आणि कुठला बाहेर, हे फी भरण्याआधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत शोधावं. कोर्स विकणाऱ्याला विचारू नये, तो ‘हो मॅडम’ म्हणणारच.

हे सगळं मी ताटावर बसून सांगितलं. माझं कोणी ऐकलं नाही. बायकोने भरितावर तेल सोडलं आणि मोर्चा धाकट्याच्या टेबलाकडे वळवला.

जळगाव: पद नाही म्हणता, मग तुम्ही कोण आहात? तुम्ही बी.कॉम. 2012 ला योजना यायच्या आधी हॉस्पिटलात बी.कॉम. मुलाला काय काम होतं? पावत्या फाडणं.

धुळे: ते खरं.

आणि धुळ्याला हे कबूल करावंच लागतं, कारण ती योजना आधी धुळ्यातच आली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती जुलै 2012 मध्ये राज्याच्या मोजक्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली, नांदेड, अमरावती यांच्या जोडीला धुळे होतं. जळगावसह उरलेलं राज्य नोव्हेंबर 2013 मध्ये आलं. 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, 2020 मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान योजनेला जोडली गेली. सुरुवातीला पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचं संरक्षण होतं, आता ते पाच लाख आहे. पेशंटला हे आकडे माहीत असतात. त्या आकड्यांनी हॉस्पिटलचं आतलं जग किती बदललं, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं.

पूर्वी डॉक्टर ऑपरेशन करायचे, नातेवाईक पैसे द्यायचे, हिशोब संपला. आता पेशंट आला की आधी योजनेचा आरोग्यमित्र कार्ड बघतो. मग तपासण्यांचे कागद चढवून ऑनलाइन पूर्वपरवानगी मागायची. ती आली की ऑपरेशन. मग ऑपरेशनची टिपणं, फोटो, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, सगळं जोडून क्लेम. वरून शंका आली की ‘क्वेरी’. क्वेरीचं उत्तर मुदतीत गेलं नाही की पैसे अडकले. पॅकेजमध्ये पेशंटचं जेवण आणि घरी जायचं भाडंही धरलेलं, त्याचीही नोंद हवी. चाळीस खाटांच्या दवाखान्याला एकाएकी कचेरी व्हावं लागलं, आणि ती कचेरी चालवायला डॉक्टर शिकलेले नव्हते. एमबीबीएसला हे कोणी शिकवत नाही.

जळगाव: तुमचे क्लेम का परत येतात, सांगा बरं.

धुळे: शंभर कारणं. ऑपरेशन नोटवर सर्जनची सही नाही. कार्डावर एक नाव, रिपोर्टवर दुसरं. समरीत दाखल झाल्याची तारीख एक, केसपेपरवर एक. साक्रीकडचा म्हातारा रोज येऊन विचारतो, ‘आमनं काय व्हयनं?’ त्याला काय सांगू, तुझं आडनाव एका ठिकाणी ऱ्हस्व आहे म्हणून?

जळगाव: यातलं औषधाचं किती? सगळं ॲडमिनिस्ट्रेशनचं. आणि तुम्ही ते ठेच खाऊन शिकलात. सोळा-सतरा महिने नवीन माणसाने ठेचा खायच्या, तोवर तुमच्या सरांचे पैसे मुंबईत अडकलेले. मी तेच पुस्तकातून शिकले तर तुमच्या पोटात का दुखतं?

धुळे: पुस्तकात ऱ्हस्व-दीर्घ नसतं, वहिनी. पुस्तकात ‘हेल्थकेअर डिलिव्हरी सिस्टीम्स’ असतं.

मी हसलो, बायको हसली नाही. धाकटा अनुभवाचा कैवारी आहे, आणि अनुभवाच्या कैवाऱ्याला खानदेशात एक हुकमाचा पत्ता कायम हातात असतो. त्याने तो टाकला.

धुळे: तुमच्या विद्यापीठाला 2018 मध्ये नाव कोणाचं दिलं? बहिणाबाईंचं. आसोद्याची लेक, अक्षर ओळखीचं नाही. कुठलं सर्टिफिकेट होतं त्यांच्याकडे?

जळगाव: आणि त्यांच्या तोंडातून निघालेली गाणी उतरवून कोणी घेतली? मुलाने, सोपानदेवांनी. घरात लिहिणारा होता म्हणून 1952 ला पुस्तक निघालं. नसता तर बाई 1951 ला गेल्या, सगळं त्यांच्याबरोबर गेलं असतं. तुम्ही बहिणाबाईंची बाजू घेताय, मी सोपानदेवांची घेते. हॉस्पिटलात लिहिलेलं नाही म्हणजे झालेलं नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात.

धाकट्याचं तोंड बंद होण्याचे प्रसंग कमी, म्हणून हा नोंदवून ठेवतो. पण पुढचं जे बोलणं झालं त्यात थट्टा नव्हती. ते काढलं बायकोनेच.

जून 2020. कोविडची पहिली लाट. जळगावच्या सरकारी रुग्णालयात दाखल असलेल्या भुसावळकडच्या 82 वर्षांच्या आजी वॉर्डातून बेपत्ता झाल्या. शोधाशोध झाली, पोलिसांत कळवलं गेलं. आठ दिवसांनी त्या रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात मृतावस्थेत सापडल्या. देशभर बातमी गेली, अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. जळगावात आरोग्याच्या कामात असलेल्या कुठल्याही माणसापाशी हा विषय काढा, तो थोडा वेळ बोलत नाही.

जळगाव: औषध चुकलं नव्हतं तिथे. व्हेंटिलेटरचा प्रश्न नव्हता. खाटा मोजायच्या होत्या, दारं उघडून बघायची होती. ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे तेवढंच असतं, भाऊ, आणि ते नसलं की माणूस असा जातो. म्हणून मला शिकायचंय. मेहुण्यांच्या खुर्चीसाठी नाही.

धुळे: खाटा मोजायला सर्टिफिकेट लागतं?

जळगाव: लागत नाही. मग का नाही मोजल्या?

धुळे: कारण ते काम कोणाचं, हे कोणी कोणाला सांगितलेलं नसेल. वॉर्डात शिरायला सगळे घाबरत होते तेव्हा. स्वच्छतागृह सफाईवाल्याचं, खाट सिस्टरची, यादी क्लार्कची, पेशंट डॉक्टरचा. चार माणसं, चार तुकडे. पूर्ण बाई कोणाकडेच नाही. आता मला सांगा, तुमच्या हातात सर्टिफिकेट असतं आणि तुम्ही त्या वॉर्डात असता, तर सफाईवाल्याला दार उघडायला लावायचा अधिकार तुम्हाला असता?

बायको थांबली. मला वाटतं वादाचा खरा सांधा इथे होता, आणि तोपर्यंत दोघं त्याच्या आजूबाजूने फिरत होते. ज्ञान आणि अनुभव यांचं भांडण जुनं आहे, त्यात बोलायला मजा येते. अधिकाराचं कोणी बोलत नाही. मालक-डॉक्टरच्या हॉस्पिटलात इनचार्ज सिस्टरला सगळं दिसतं. सर्जनने संमतीपत्रावर सही घेतली नाही, हे तिला दिसतं. पण ‘सर, सही झाल्याशिवाय पेशंट थिएटरमध्ये जाणार नाही’ असं म्हणायची मुभा तिला नसते. ती मुभा कुठल्याही विद्यापीठाच्या कागदाने मिळत नाही, ती मालकाच्या लेटरहेडवरच्या दोन ओळींनी मिळते. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटची धावपळ झाली. पण बाहेर पडायच्या दारासमोर ठेवलेला स्ट्रेचर कोण कोणाला सांगून हलवणार, हे त्या ऑडिटच्या कागदावर नसतं.

मी फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव काढलं. परिचारिका म्हणजे दिवा घेतलेली बाई एवढंच आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात ती आकड्यांची बाई होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि साथीने जास्त मेले, हे तिने 1858 मध्ये आकृत्या काढून सरकारपुढे मांडलं, आणि सगळ्या हॉस्पिटलांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात म्हणून पुढे झगडली. तिने हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा कोर्स केला नव्हता, तेव्हा तो नव्हताच.

धुळे: बघा!

थांब, म्हटलं, पुढचं ऐक. ती 1854 मध्ये स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली तेव्हा सिडनी हर्बर्ट या युद्धखात्याच्या मंत्र्याने तिला रीतसर नेमून पाठवलं होतं. तिथले लष्करी डॉक्टर तिला वॉर्डात फिरकू द्यायला राजी नव्हते. मंत्र्याचं पत्र नसतं तर तिचे आकडे तिच्या वहीतच राहिले असते. तिला आकडेही येत होते आणि तिच्याकडे नेमणूकही होती.

जळगाव: म्हणजे मी आधी पत्र मागू?

धुळे: आता कसं बोललात. आणि पत्र मागायला कारण आहे तुमच्याकडे. तुमच्या सरांना एनएबीएचचं मानांकन हवंय ना?

हवंय. हल्ली सगळ्यांनाच हवंय. मानांकन असलं तर विमा कंपन्यांच्या कॅशलेस यादीत बसणं सोपं जातं, आणि आयुष्मान योजनेत पॅकेजच्या दरावर काही टक्के जास्तही मिळतात. 50 खाटांपर्यंतच्या छोट्या रुग्णालयांसाठी एनएबीएचचे निकष वेगळे आहेत, आणि सुरुवात करणाऱ्यांसाठी एन्ट्री लेव्हल नावाची खालची पायरी आहे. बहुतेक हॉस्पिटलं त्यासाठी पुण्या-नाशिकहून कन्सल्टंट आणतात. कन्सल्टंट फायली तयार करून देतो, पाहणी होईपर्यंत भिंतीवर पेशंटच्या हक्कांची पाटी चकाचक असते, आणि तो गेला की फायली कपाटात जातात. मी हे अनेक ठिकाणी पाहिलंय आणि मला त्याची चीड येते. कारण त्या निकषांतल्या निम्म्या गोष्टी, म्हणजे पेशंटची ओळख दोनदा तपासणं, पडण्याचा धोका असलेल्या म्हाताऱ्यांवर खूण करणं, संसर्गाची आकडेवारी ठेवणं, या इनचार्ज सिस्टरच्या रोजच्या कामातल्याच आहेत. बाहेरच्या माणसाला त्याचे पैसे देतात, घरातल्या माणसाला त्याचं नावही देत नाहीत.

जळगाव: सरांना सांगते, कन्सल्टंटचे पैसे वाचवा. मला क्वालिटीची जबाबदारी लेखी द्या, कोर्सची अर्धी फी द्या.

धुळे: अर्धी का? पूर्ण मागा, अर्धीवर या. आणि परदेशी सर्टिफिकेट नको. ते वाचणारा माणूस जळगावात नाही, धुळ्यातही नाही. नाशिक-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात एचआरवाले वाचत असतील. तुम्हाला घर हलवायचंय का पुण्याला?

जळगाव: (माझ्याकडे बघून) यांना विचारा.

मला विचारू नका, म्हटलं. माझी मतं त्या दोघांना माहीत आहेत. पदविका करावी, नुसतं सर्टिफिकेट करू नये. पदविकेत प्रकल्प असतो, तो आपल्याच हॉस्पिटलचा करावा. आणि प्रवेशपुस्तिका स्वतः वाचावी, नर्सिंगच्या पदवीधराला अनुभवाची काय अट आहे ते तपासावं. एवढं झाल्यावरही मेहुणे खुर्चीत राहतीलच. पण कोणत्या दिवशी कोणती फाइल का अडली, हे सांगणारा माणूस हॉस्पिटलात एकच आहे हे सरांना कळलं की खुर्चीत कोण बसलंय याला फारसा अर्थ उरत नाही. बायको म्हणाली, तुम्हाला उरत नाही, मला उरतो. बरोबर आहे तिचं. पगार त्या खुर्चीचा आहे.

धुळे: प्रकल्पाचं बोललात म्हणून सांगतो. माझ्याकडे परत आलेल्या क्लेमची अख्खी रॅक आहे. कुठल्या कारणाने किती, कधी कोणी मोजलंच नाही. तुम्ही मोजा.

जळगाव: द्या पाठवून.

धुळे: अहो, पाठवून कसं देऊ? पेशंटचे कागद आहेत. बाहेर एकही जाणार नाही. नावं झाकायची, नंबर द्यायचे, तिथेच बसून तक्ता करायचा. आणि माझ्या सरांची लेखी परवानगी आधी.

जळगाव: अरे वा! कोर्स कोणाला नको होता म्हणे?

धुळे: मी फक्त फी नको म्हणत होतो. कधी येताय?

जळगाव: गुरुवारी माझा ऑफ आहे. सकाळच्या गाडीने येते, पारोळ्यापर्यंत रस्ता बरा आहे ना आता? आणि तुमच्या त्या साक्रीच्या बाबांची फाइल वर काढून ठेवा. ऱ्हस्व-दीर्घाचं शपथपत्र होत असेल तर ते आधी करून टाकू.